कमिटीला दाखवायचा अणू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर्वेनगरच्या खोलीतून नेहमीपेक्षा लवकर निघाले. खोली म्हणजे कॉट बेसिस, भाडं फक्त एका कॉटचं. तिघींत एक कपाट आणि गरम पाण्यावरून रोजची भांडणं. त्या दिवशी मी भांडलेसुद्धा नाही. गार पाण्याने आंघोळ उरकली आणि काही न खाता बाहेर पडले. चौकात हिंजवडीच्या कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस उभ्या होत्या, गळ्यात कार्डं अडकवलेली पोरं-पोरी एकेक करून चढत होती. त्या दुपारी कमिटीला अणू दिसला नाही, तर पुढच्या महिन्यापासून मीही त्याच रांगेत उभी राहणार होते. हे घरी ठरलेलं होतं आणि मी हो म्हटलेलं होतं.

आम्ही यवतमाळकडचे. वडील शाळेत मास्तर. मुलगी पुण्याला गेली, एम.एस्सी. झाली, इथपर्यंत त्यांचं गणित बरोबर सुटलं होतं. त्यानंतर ती नोकरी न करता एका खोलीत दिवे मालवून एक अणू पकडायला बसते, हे गावात कुणाला आणि कसं सांगायचं, ते त्यांना कळेना. फोनवर विचारायचे, "काय करून राहिली वं तू? सापडला का तो?" जणू मी हरवलेली बकरी शोधत हिंडत होते. राग यायचा, पण त्यांचं चुकतंय असंही म्हणता यायचं नाही. कारण बरेच दिवस तो खरंच सापडत नव्हता.

माझी फेलोशिप दर वर्षी कमिटीच्या मर्जीवर चालायची. मागच्या वर्षी कमिटीच्या अध्यक्षांनी माझे आलेख बोटाने बाजूला सारले आणि म्हणाले, "कागदावर सगळ्यांचंच दिसतं. पुढच्या वेळी अणू समोर दाखवा. नाहीतर हे पुढे चालू ठेवायला आम्हाला कारण उरणार नाही." वडिलांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. दाखव, नाहीतर नोकरी धर."

आता अणू दाखवायचा म्हणजे काय, ते सांगते. एका काचेच्या डबीत हवा जवळजवळ नाहीच, आणि रुबिडियम नावाच्या धातूची किंचितशी वाफ. सगळ्या बाजूंनी लेसर सोडून त्या वाफेतले अणू संथ करायचे, की कॅमेऱ्यात कापसाच्या बोंडाएवढा उजळ ढग दिसतो. त्यात लाखो अणू असतात. त्या गर्दीत आणखी एका लेसरचं अगदी बारीक टोक खुपसायचं. प्रकाश तिथे इतका एकवटलेला असतो, की एखादा अणू त्यात अडकतो आणि क्षणभर तिथेच राहतो. प्रकाशाचा चिमटाच म्हणा. पण लेसर जसा येतो तसा वापरून हे टोक साधत नाही. त्याला आधी आकार द्यावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे नखाएवढं एक पॅनेल होतं, प्रोजेक्टरच्या आत असतं तसं. त्यावर एक विशिष्ट नक्षी उमटवायची. लेसर त्या नक्षीवर पडून परतला, की हवा तसा घडवलेला असायचा. पॅनेलची वायर टेबलाखालच्या कॉम्प्युटरला गेलेली होती. ती नक्षी आमच्या एका सीनियरने बसवून दिली होती. नंतर तो पीएच.डी. अर्धी टाकून हिंजवडीला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "हा कॉम्प्युटर बंद करू नका, आणि त्याला हात लावू नका." आम्ही ते पाळलं. काम करत असलेल्या वस्तूला कशाला छेडायचं?

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात अणू दिसू लागला होता. दिसतो म्हणजे स्क्रीनवर एक रेघ असते, जमिनीलगत सरपटणारी. अणू अडकला की रेघ एकदम पायरी चढते आणि निसटला की धपकन खाली येते. अधलंमधलं काही नाही. पहिल्यांदा ती पायरी दिसली तेव्हा मी किंचाळले होते. सर म्हणाले, "ओरडू नका, घाबरून पळेल तो." म्हणजे सर खूश होते.

सर म्हणजे माझे गाईड. जुन्या पेठेतले, निवृत्तीला आलेले. मोजकं बोलायचे आणि बोलले की समोरच्याला ते दिवसभर पुरायचं. देवधर्माचं त्यांना वावडं होतं. पूर्वी विभागात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. एका वर्षी कुणीतरी भक्तिभावाने त्यांच्या महागड्या आरशाला हळदकुंकवाचं बोट लावलं. आरसा गेला. सरांनी त्यावर असं रान उठवलं, की विभागात पूजा, धूप, उदबत्ती सगळं बंद झालं. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "अहो, नारळ फोडून बीम सरळ होत असता तर मी नारळवाल्याकडेच पीएच.डी. केली असती." लोक समोर हसायचे आणि मागे त्यांना पाण्यात पाहायचे. त्यांचा नास्तिकपणा विभागात त्यांच्या शोधनिबंधांपेक्षा जास्त प्रसिद्ध होता.

तर त्या सकाळी मी लॅब उघडली. चपला बाहेर, टोपी डोक्यावर, हातमोजे. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर नेहमीच्या करड्या पडद्याऐवजी सरस्वतीचं चित्र होतं. वीणा, मोर, कमळ, सगळं जागच्या जागी. मला वाटलं, ऑफिसमधल्या कुणीतरी सुट्टीच्या दिवशी येऊन हौस भागवून घेतली असेल. कुंकू लावायला बंदी आहे तर निदान चित्र. बरंच वाटलं मला. त्या दिवशी मिळेल तो आशीर्वाद हवाच होता. हात जोडले आणि लेसर चालू केले.

ढग लगेच आला, छान गुबगुबीत. मग मी चिमट्याचा लेसर सोडला. रेघ जमिनीला चिकटलेलीच.

सुरुवातीला मी घाबरले नाही. असं होतं कधीकधी. लॅबमधला एसी रात्रीतून बिघडला तरी लेसर वळवणारे आरसे केसभर हलतात. मी वाट पाहिली. पुन्हा पाहिली. मीटर लावून प्रकाश मोजला, तो पुरेसा होता. म्हणजे लेसर ठीक, ढग ठीक, प्रकाश ठीक, आणि अणू नाही. मग एकच शक्यता उरते असं मला वाटलं, की आरसे सरकले असणार. मी एका आरशाचा स्क्रू जरासा फिरवला. काही नाही. मग दुसऱ्याचा.

सर आले तेव्हा माझा हात तिसऱ्या स्क्रूवर होता.

"काय चाललंय?"

"सर, अणू येत नाहीये. अलाइनमेंट गेलीय बहुतेक."

"बहुतेक? बहुतेकवर आरसा हलवलात?" ते ओरडले. ते कधी ओरडत नसत, त्यांना तशी गरज पडत नसे. "किती हलवलेत?"

मला नीट सांगता आलं नाही. सरांनी टोपी चढवली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मग आम्ही दोघं एकेक गोष्ट तपासत सुटलो. चुंबकाची वायर, व्हॅक्यूम, लेन्स, पुन्हा लेन्स. येता-जाता मॉनिटर समोरच होता. मी दोनदा तरी सरस्वतीकडे पाहून मनात म्हटलं, आता तूच बघ बाई. सर त्या चित्राकडे बघत नव्हते. मला वाटलं, त्यांना राग आलाय, पण आजच्या दिवशी कुठे वाद घालायचा म्हणून गप्प आहेत.

जेवणाची वेळ टळून गेली. कमिटी दुपारच्या चहानंतर येणार होती. आधी दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं काम बघायचं आणि मग माझं. कॉरिडॉरमध्ये कपबश्या वाजल्या की मी दाराकडे बघायचे. डोळ्यांसमोर ती पांढरी बस यायची. खरं सांगायचं तर त्या बसमध्ये वाईट काहीच नव्हतं. माझ्या खोलीतल्या दोघी त्याच बसने जायच्या आणि माझ्यापेक्षा सुखी होत्या. पण मी ती पायरी पाहिली होती. एकट्या अणूला रेघेवर उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि त्यानंतर दुसरं काही करायची माझी इच्छाच उरली नव्हती.

"नक्षी?" सर अचानक म्हणाले. "पॅनेलवर नक्षी आहे ना?"

"असणारच सर. कॉम्प्युटर चालू आहे. प्रकाश तर मोजला मी."

"प्रकाश किती आहे ते मीटर सांगतं. आकार कोणता आहे ते सांगत नाही. ती नक्षी येते कुठून?"

मला माहीत नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं. इतके महिने आम्ही दोघं त्या नक्षीच्या जिवावर अणू पकडायला बघत होतो, आणि ती कुठून येते हे तिसऱ्याच माणसाला ठाऊक होतं. तो हिंजवडीत बसला होता. मी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, त्याने कट केला. मी लावतच राहिले. अखेर त्याने दबक्या आवाजात घेतला.

"अगं क्लायंट कॉलवर आहे मी. पटकन बोल."

"पॅनेलवरची नक्षी कुठल्या प्रोग्रॅममधून येते?"

"प्रोग्रॅम? प्रोग्रॅम कसला, ते वॉलपेपर आहे ना!"

"काय आहे?"

"वॉलपेपर, यार. त्या पॅनेलचं सॉफ्टवेअर आपल्याकडे कधी आलंच नाही. कॉम्प्युटरला ते पॅनेल म्हणजे सेकंड मॉनिटर वाटतं. म्हणून मी एक लांबडं चित्र बनवलं, अर्धं ग्रे आणि अर्धी नक्षी, आणि बॅकग्राउंडला टाकून दिलं. मस्त चालतं. का गं? चेंज बिंज नाही ना केलंस?"

मी मान वळवून मॉनिटरकडे पाहिलं. देवी शांतपणे वीणा वाजवत होती. इथेही, आणि त्या नखाएवढ्या पॅनेलवरही. सकाळपासून आमचा लेसर सरस्वतीच्या चित्रावर आपटून परतत होता, आणि त्याचा जो काही फिसकटलेला फराटा होत होता त्यात अणू काय, धूळही अडकली नसती.

"सर," मी म्हटलं, "कुणीतरी वॉलपेपर बदललाय. नक्षी म्हणजे तो वॉलपेपरच होता."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "ते चित्र..." असं म्हणून थांबले. या माणसाला शब्द सापडत नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. मी पटकन खाली मान घातली, जशी आपण चुकून कुणाच्या खोलीचं दार उघडलं तर घालतो.

विचारायला वेळही नव्हता. मी कॉम्प्युटरमध्ये ते जुनं लांबडं चित्र शोधून काढलं आणि परत लावलं. पडदा करडा झाला. पण रेघ हलली नाही, कारण सकाळपासून मी आरसे फिरवून ठेवले होते. नक्षी जागेवर आली आणि लेसर भलतीकडेच. आगीतून फुफाट्यात. सर स्क्रूला हात घालून उभे राहिले, मी रेघेकडे बघत "नाही... नाही... नाही..." म्हणत राहिले, आणि दार वाजलं.

कमिटीत तीन जण होते. बाहेरगावचे अध्यक्ष, एक बाई, आणि आमच्याच विभागातले एक तरुण प्राध्यापक. मी काय करतेय ते सांगितलं. तिघं स्क्रीनसमोर बसले. रेघ सरपटत होती. बघता बघता ते तरुण प्राध्यापक घड्याळाकडे पाहू लागले.

"म्हणजे आजही नाही," अध्यक्ष म्हणाले.

"सर, मागच्या आठवड्यात रोज येत होता. आज सकाळी कॉम्प्युटरचं एक सेटिंग बदललेलं होतं, त्यामुळे..."

"कुणी बदललं?"

मी करड्या पडद्याकडे बघत राहिले.

"आपल्या प्रयोगाच्या कॉम्प्युटरला कोण हात लावतं हे आपल्याला माहीत नाही?"

सर माझ्या मागे आरशापाशी उभे होते. मला त्यांच्या नारळवाल्याची आठवण झाली. समोर बसलेले ते तरुण प्राध्यापक कॅन्टीनमध्ये त्याच वाक्याची नक्कल करायचे, तेही आठवलं. मी म्हणाले, "माझ्याकडूनच बदललं गेलं, सर. चुकून."

अध्यक्षांनी त्या बाईंकडे पाहिलं. "मग प्रश्न फक्त अणूचा नाही," ते म्हणाले. "अशा कामाला जी शिस्त लागते..."

"मी बदललं."

सर बोलले. कुणाकडेही न बघता. त्यांची बोटं स्क्रूवर होती आणि ती अगदी सावकाश फिरत होती.

"आपण?" अध्यक्ष म्हणाले.

"हो. काल सुट्टी होती, मी एकटाच आलो होतो. ही मुलगी इथे किती राबलीय ते मी बघितलंय, आणि आज हिचं काय होणार ते मला माहीत होतं. हात जोडावेसे वाटले. आता या वयात वाटले, त्याला काय करणार? उदबत्ती लावता येत नाही, इथे धूर चालत नाही, तो नियम मीच केलाय. म्हणून सरस्वतीचं चित्र लावलं, आणि हिची नक्षी पुसली. हिचा त्यात काही दोष नाही. लिहून घ्या."

तरुण प्राध्यापकांना हसू फुटलं. ते दाबायला गेले आणि जास्तच फुटलं. अध्यक्षही हसले. बाई हसल्या नाहीत. सरांच्या मानेपर्यंत रक्त चढलं होतं. पण त्यांची बोटं थांबली नाहीत, किंचित पुढे, किंचित मागे. मला त्या हसणाऱ्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे पहिली पायरी मला दिसलीच नाही.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

रेघ वर उभी होती. मग पडली. मग पुन्हा चढली आणि राहिली.

हसणं थांबलं. अध्यक्ष खुर्ची ओढून पुढे सरकले. "हा एकच कशावरून? दोन असतील."

हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला असता तरी चाललं असतं. "दोन राहूच शकत नाहीत सर. जागा इतकी अरुंद असते, की दुसरा आला की प्रकाशात दोघांची टक्कर होते आणि दोघंही बाहेर फेकले जातात. म्हणून एकतर एक, नाहीतर एकही नाही. पायरीवर दुसरी पायरी दिसणार नाही, बघत राहा." ते खरंच बघत राहिले. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. जाताना अध्यक्षांनी फक्त "ठीक आहे, चालू ठेवा" एवढंच म्हटलं.

ते गेल्यावर मी सरांना म्हटलं, "सांगायची काय गरज होती? मी घेतलं होतं माझ्यावर."

"खोटं बोलायचं असेल तर कंपनीत जा. तिथे त्याचा पगार तरी मिळेल," सर म्हणाले. मग टोपी काढता काढता म्हणाले, "माझी अब्रू साठीची झाली. तिचं आता जे व्हायचं ते होईल. तुमची अजून तयार व्हायची आहे."

संध्याकाळी वडिलांना फोन केला. सापडला म्हटल्यावर त्यांनी एकदा पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "बरं. मंग राय तिथंच."

ती गोष्ट विभागभर पसरायला रात्र पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लॅबच्या दारावर कुणीतरी झेंडूची माळ लावली होती आणि उंबऱ्यावर फोडलेला नारळ ठेवला होता. कॉरिडॉरच्या टोकाला चौघे उभे राहून मजा बघत होते. सर आले, त्यांनी माळ पाहिली, नारळ पाहिला. माझं डोकं फिरलं होतं. मी माळ ओढून काढायला हात घातला.

"राहू द्या," सर म्हणाले.

"सर, हे तुमची टर उडवताहेत."

"माहीत आहे. इतकी वर्षं या दाराशी कुणी फिरकलं नव्हतं, आता येतील. आले की त्यांना आत घ्या आणि अणू दाखवा."

ते चपला काढून आत गेले. पुढचा आठवडाभर लोक हसायला येत होते, आणि मी एकेकाला आत नेऊन खुर्चीवर बसवून अणू दाखवत होते.